डिस्टिंक्शन कुणाचं?

— नाही नाही सर, असं कसं? दोन्हीचा अर्थ एकच म्हणे! अहो, इंग्रजी तुम्ही शिकवता की मी? बसा, बसा, उठू नका, चहा सांगितलाय. हे बघा, इकडे पडद्यावर बघा, तुमच्या दोन्ही ढालींचा मजकूर मी लावून ठेवलाय. ही मोठी ढाल, दीड फुटी, सागवानी, पितळी पाटी — 'स्टुडंट ऑफ डिस्टिंक्शन', खाली नाव स्वप्नील. आणि ही दुसरी, नऊ इंची, ॲक्रिलिकची — 'स्टुडंट विथ अ डिफरन्स', खाली नाव मृणाली. आता मला एवढंच सांगा, अर्थ जर एकच असेल, तर ढाली दोन मापांच्या का? सांगा ना. नाही, तुम्ही नका सांगू, मीच सांगतो — पण आधी त्या भिंतीवरची पाटी वाचा. वाचली? 'मजकूर तपासून सही करावी. सहीनंतर मजकुराची जबाबदारी सही करणाऱ्याची राहील.' पंचवीस वर्षं झाली या दुकानाला, जळगावात इतकी ट्रॉफीची दुकानं निघाली अन् बुडाली, पण सहीशिवाय मी कुणाच्या बापाचं नाव कोरलं नाही. तुम्ही कालपासून दोनदा आलात, चहा प्यालात, सही मात्र करत नाही. का करत नाही? मला वाटतं, तुम्हालाही कळतंय.

मी आपला ट्रॉफीवाला माणूस, पण हे दोन शब्द मला झोपेतून उठवून विचारा. तुमच्याच शाळेत शिकलो ना मी! तुम्ही शिरपूरकडचे, तीन वर्षं झाली तुम्हाला आमच्या पहूरला येऊन, तुम्हाला काय माहीत — आम्हाला इंग्रजीला जीवराम सर होते, पुढे तेच हेडमास्तर झाले. काय शिकवायचे! एकदा वर्गात दोन वांगी घेऊन आले. भरताची, हिरवी, ही अशी मोठी. टेबलावर ठेवली अन् म्हणाले, ह्या दोघांत डिफरन्स काय? कुणी म्हणालं एक लांब आहे, एक गोल आहे, एकाला देठाशी काटा आहे. म्हणाले, बरोबर, हा डिफरन्स. तो असतोच. देवाच्या घरून येतो, त्यात वांग्याचा पराक्रम काही नाही. मग एक वांगं उचललं, हातावर तोललं, कानाशी धरून दाबून पाहिलं, अन् म्हणाले, बाजारात शंभर वांग्यांतून तुमची आई हे एकच उचलते, भरीत करायचं तर ह्याचंच — हे झालं डिस्टिंक्शन. ते आपोआप नसतं. ते गुण पाहून कुणीतरी द्यावं लागतं. डिफरन्स असतो, डिस्टिंक्शन द्यावं लागतं. वहीत लिहून घेतलं होतं मी, खाली दोन रेघा मारून. आता तुम्हीच बघा सर, त्या पोरीला तुम्ही काय देताय? जे तिच्यापाशी जन्मापासून आहे तेच तिला परत देताय, ॲक्रिलिकवर कोरून! 'तू वेगळी आहेस' — हे बक्षीस आहे का हो? हे तर तिला गावात रोज कुणी ना कुणी ऐकवतच असेल, फुकट.

घ्या, चहा आला. घ्या हो. — मला संशय कधी आला, सांगू? तुमच्या यादीत पंधरा पोरं. तेरा जणांपुढे टक्के लिहिलेत. गणितात पहिला, त्याचे टक्के. संस्कृतात पहिली, तिचे टक्के. चित्रकलेच्या पोराचेसुद्धा, बिचाऱ्याला बासष्ट पडलेत तरी लिहिलेत. आणि या दोघांपुढेच कोरी जागा. म्हटलं, वरच्या दोघांचेच टक्के कसे राहिले? म्हणून तर तुम्हाला मघाशी सहज विचारलं, अन् तुम्ही भला माणूस, खाली बघत सांगून टाकलंत. मृणालीला शहाण्णव पॉइंट वीस. स्वप्नीलला चौऱ्याण्णव पॉइंट ऐंशी. म्हणजे पहिली कोण? पोरगी. अख्ख्या शाळेत पहिली. मग दीड फुटी ढाल चेअरमन नानांच्या नातवाला कशी काय? — छ्या! तोंडात कडू झालं माझ्या तेव्हापासून. आणि वर ही इंग्रजीची कलाकुसर! पूर्वी निदान सरळ लिहायचे, 'मागासवर्गीयांतून प्रथम'. त्या बक्षिसाला माझी ना नाही, बरं का. पोराला हुरूप यावा म्हणून वेगळं एक बक्षीस ठेवलं, ठेवा ना, अजून दोन ठेवा. पण जी पोरगी सगळ्यांत पहिली आली, तिला सगळ्यांतून उचलून त्या दुसऱ्या रांगेत नेऊन बसवायची, अन् म्हणायचं बघा, आम्ही तिचाही सत्कार केला! शेण खाल्लं म्हणतात त्याला. आता तसं मराठीत लिहिलं तर लोक बोलतील, कुणी फोटो काढून फिरवील, म्हणून नानांनी तुम्हाला सांगितलं असणार, सर, जरा चांगलं इंग्रजी बघा. आणि तुम्ही बघितलंत. शोधून शोधून बघितलंत. नाही? मग कुणी? ... बरं. राहू द्या. मान खाली घातलीत, समजलं. तुमच्या नोकरीची मान्यता अजून त्यांच्या कपाटात पडलीय, हेही मला माहीत आहे, गावच्या गोष्टी कळतात हो इथं. तुमच्यावर राग नाही माझा. म्हणजे आहे, पण थोडाच आहे.

मृणालीला मी ओळखतो का? तिला नाही, कधी पाहिलं पण नाही. तिच्या आजीला ओळखतो. भागाबाई. आणि तिचा बाप प्रशील, ग्रामपंचायतीत पाणी सोडतो तो, तो आमच्या तीन वर्षं मागे होता. आणि प्रशीलचा थोरला भाऊ वाल्मीक — वाल्मीक माझ्या वर्गात. माझ्या बाकावर. खिडकीकडचा तिसरा बाक, तो खिडकीशी, मी कडेला. — अहो, हे वर बघा ना, घड्याळाखाली, ती जुनी ढाल. गिऱ्हाईकाला वाटतं सँपल आहे. सँपल नाही, माझीच आहे. वाचा. 'शालान्त परीक्षा, मार्च १९९०, विद्यालयात सर्वप्रथम, चि. चुडामण.' ह्याच्यामुळेच तर नानांनी मला यंदा प्रमुख पाहुणा केलाय! पत्रिका तुम्हीच आणून दिलीत ना, 'माजी गुणवंत विद्यार्थी, यशस्वी उद्योजक, यांच्या शुभहस्ते'. शुभहस्ते! म्हणजे ढाली बनवायच्या मी, अन् रविवारी स्टेजवर उभं राहून त्या पोरीच्या हातात ती नऊ इंची द्यायचीही मीच. वा रे वा.

तर मी काय सांगत होतो — हां, माझी ढाल. ती माझी नाही सर. सातशेपैकी मला पाचशे अठ्ठ्याण्णव होते. वाल्मीकला सहाशे बारा. चौदा मार्कांचा फरक, चौदा. आता तुम्ही म्हणाल मग तुम्हाला कशी मिळाली, तर आमचे आबा तेव्हा संस्थेत संचालक होते. त्यांनी केलं ते. मोठ्या माणसांचं आपसात काय ठरलं, मला काय ठाऊक? सोळा वर्षांचं पोरगं मी. निकालाच्या दिवशी आबांनी गावभर पेढे वाटले, अन् सत्काराच्या दिवशी मी स्टेजवर जाईना तर मागून ढकललं मला, सगळं गाव बघतंय म्हणून, 'बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं, जाय वर!' गेलो. करणार काय? ही ढाल घेतली. माझ्यानंतर वाल्मीकचं नाव पुकारलं, त्याला ही एवढीशी, फळकुटाची, 'मागासवर्गीयांतून प्रथम'. आम्ही शेजारी शेजारी उभे, फोटोसाठी. माझी ढाल इतकी मोठी की त्याचा खांदा तिच्यामागे झाकला गेला. फोटोवाला म्हणाला, जरा सरक रे, अन् तो सरकला. मी नाही सरकलो, तोच सरकला.

आणि खाली उतरलो तर भागाबाई. नवं लुगडं नेसून आलेली, मंडपाच्या दोरीपाशी उभी. तिला वाचता येत नव्हतं. माझा हात धरला तिने — आमच्या शेतात खुडणीला यायची ती, मला लहानपणापासून ओळखायची — माझा हात धरून विचारलं, 'भाऊ, मना पोऱ्या पयला उना ना?' आता काय सांगायचं होतं? हो म्हणायचं होतं ना? पहिलाच आला होता. एका शब्दाचं काम. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, 'हो मावशी, त्यांच्यात पहिला.' त्यांच्यात! कुठून आला असेल तो शब्द माझ्या तोंडात, सोळा वर्षांच्या पोराच्या? तिने हात सोडला. हळूच सोडला, झिडकारला वगैरे नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला अन् गेली. अजून कुणी गर्दीत माझा हात सोडला की मला ती आठवते. किळस येते हो. दुसऱ्या कुणाची नाही, ह्या जिभेची येते.

वाल्मीक? छान आहे की. धुळ्याला असतो, पाटबंधाऱ्यात इंजिनियर आहे, आता मोठा साहेब झालाय. रडकथा नाही ती, तुम्ही उगाच तोंड पाडू नका. आठेक वर्षांमागे आला होता इथं, ह्याच खुर्चीवर बसला, ऑफिसातल्या कुणा साहेबाच्या निरोपाचं मानचिन्ह करायला. मी उगाच रजिस्टर चाळत बसलो. त्याची नजर फिरत फिरत घड्याळाखाली गेली. उठला. खिशातून रुमाल काढला अन् ढालीवरची धूळ पुसली. म्हणाला, 'छान जपलीस रे.' बस. एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तुझी आहे का रे अजून? तर हसला, म्हणाला, 'आईने कधीच कामाला लावली ती. मिठाची बरणी ठेवायची तिच्यावर, ओल लागू नये म्हणून.' आणि मग मजकूर तपासला, सही केली अन् गेला. सही बघा कशी, रजिस्टरात आहे अजून, मोत्यासारखं अक्षर. वर्गातही तसंच होतं. मी त्याचंच पाहून सुधारलं होतं माझं.

— काय म्हणालात? मग ढाल अजून भिंतीवर का? ... अहो — अहो, गिऱ्हाईकावर छाप पडते! 'सर्वप्रथम' वाचलं की माणूस विश्वासाने ऑर्डर देतो. धंदा आहे हा. नाही, नाही, ते खरं नाही. थांबा. तुम्ही विचारलंत तर — का ठेवलीय? कारण ती खाली काढली तर बायको विचारील का काढली. पोरं विचारतील. दोन्ही पोरांना हिच्याकडे बोट दाखवून अभ्यासाला बसवलंय मी, 'बघा, तुमचा बाप पहिला आला होता'. थोरली दिपमाला, सीए होतेय, ती मैत्रिणींना सांगते. आता काय सांगू तिला? की बापाचं हे भांडवल चोरीचं आहे?

आणि मघाशी मी म्हणालो ना, आबांनी केलं, मला काही ठाऊक नव्हतं? खोटं आहे ते सर. आता तोंडातून निघतंच आहे तर निघू द्या. सत्काराच्या आदल्या दिवशी जीवराम सरांनी मला ऑफिसात बोलावलं होतं. एकट्याला. आबा नव्हते तिथं, कुणी नव्हतं. सरांच्या टेबलावर दोन्ही ढाली, पाट्या अजून लावायच्या होत्या, नावं कोरलेल्या पाट्या सुट्या पडलेल्या, स्क्रू बशीत. म्हणाले, चुडामण, संस्थेचं असं असं म्हणणं आहे. वाल्मीकला ही देऊ, तुला ही. मला बरं वाटत नाहीये. तुला चालेल ना? — मला विचारलं हो त्यांनी! वाल्मीकला नाही विचारलं, मला विचारलं. डोळ्यात बघून विचारलं. आता वाटतं, त्या माणसाला फक्त एक 'नाही' हवं होतं कुणाचं तरी, त्याला धरून तो संस्थेपुढे उभा राहिला असता. तो स्वतः नाही म्हणू शकत नव्हता, पोटाला बांधलेला होता, तुमच्यासारखाच. वांगी आणून शिकवलं होतं त्यांनी मला, डिफरन्स असतो, डिस्टिंक्शन द्यावं लागतं. कळलं नव्हतं असं थोडंच होतं मला? चांगलं कळलं होतं. आणि मी म्हणालो, 'हो सर, चालेल.' स्क्रूसुद्धा मीच पिळले. ते म्हणाले, तूच कर. मी केले. माझ्या पाटीचे चारही घट्ट पिळले.

थू! — माफ करा, तुमच्यावर नाही.

आणि पुढचं ऐका, हे त्याहून घाण. पुढे हे दुकान काढलं, शाळेच्या ढाली माझ्याकडेच यायला लागल्या. दर वर्षी 'विद्यालयात सर्वप्रथम' एक, 'मागासवर्गीयांतून प्रथम' एक. वीस-बावीस वर्षं. कधी मी टक्के विचारले? एकदाही नाही. बाकीच्या शाळांना विचारतो, टक्के टाकायचे का, छान दिसतात. तुमच्या शाळेला कधी विचारलं नाही. का? विचारलं असतं तर कळलं असतं. कळलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. त्यात किती वाल्मीक होते, किती मृणाली, देव जाणे. माझ्याच हाताने पाट्या कोरून पाठवल्या मी, बबल-रॅपमध्ये गुंडाळून, कोपरे दुखावू नयेत म्हणून थर्माकोल लावून. कोपऱ्यांची काळजी! यंदा तुम्ही टक्के लिहायचे विसरलात — विसरलात की मुद्दाम कोरे सोडलेत, कुणीतरी विचारावं म्हणून? ... बोलू नका, मला उत्तर नको. पण बाकी तेराजणांचे लिहून दोघांचे कोरे सोडणारा माणूस अगदीच विसराळू नसतो, एवढं मला कळतं.

तर आता हे बघा. हे दोन कागद काढलेत मी. हा पहिला, तुमच्या ऑर्डरप्रमाणे, डिस्टिंक्शन स्वप्नील, डिफरन्स मृणाली. आणि हा दुसरा. ह्यात दीड फुटी ढाल, सागवानी, 'विद्यालयात सर्वप्रथम, कु. मृणाली, शहाण्णव पॉइंट वीस टक्के'. मराठीत. तिच्या आजीला कुणीही वाचून दाखवू शकेल असं. आणि स्वप्नीलला 'विद्यालयात द्वितीय', चौऱ्याण्णव पॉइंट ऐंशी, त्याच्याही ढालीचा आकार चांगला ठेवलाय, पोराचा काय दोष? त्याला कुणी अजून ऑफिसात बोलावून विचारलेलं नाही ना? नसेल तर बरं. विचारू देऊ नका. सोळाव्या वर्षी तो प्रश्न कुणाला विचारू नये, माणूस आयुष्यभर 'हो'च म्हणत राहतो.

ज्यावर सही होईल ते कोरीन. घ्या पेन. ... नाही? नानांना फोन करता? करा ना. काय म्हणतील ते? पाहुणा बदलतील, एवढंच ना? बदलू द्या. दुसऱ्या कुणाकडून ढाली करून घेतील? घेऊ द्या, पण रविवार परवाच आहे, जळगावात एका दिवसात सागवानी ढाल कोण देतंय ते मलाही बघायचंय. आणि नाही बोलावलं तरी मी येणार आहे. माजी विद्यार्थी आहे ना मी, मंडपात बसायला कुणाची परवानगी लागत नाही. ही भिंतीवरची ढाल काखेत घेऊन येणार आहे. माईक दिला तर माईकवर, नाही दिला तर उभा राहून — सहाशे बारा आणि पाचशे अठ्ठ्याण्णव. एवढे दोनच आकडे सांगायचेत मला. भागाबाई येणार आहे ना नातीचा सत्कार बघायला? चालता येतं का तिला? मग पुढच्या रांगेत बसवा तिला. हे एक काम तुम्हाला जमण्यासारखं आहे, ह्याला कुणाची मान्यता लागत नाही.

ठेवलंत पेन खाली. बरं. समजू शकतो मी, तुमचं लेकरू लहान आहे, नोकरी कच्ची आहे. मी त्या वयात काय दिवे लावले ते सांगितलंच तुम्हाला. आणा इकडे ते पेन.

हा दुसरा कागद. इथं सही, इथं तारीख. झालं. सहीनंतर मजकुराची जबाबदारी — पाटी वाचलीत ना मघाशी? — सही करणाऱ्याची.

आता निघा सर. पहूरची गाडी चुकेल तुमची. नाही, आता काही विचारू नका. मला स्टूल घेऊन घड्याळाखालच्या ढालीचे ते चार स्क्रू काढायचेत, दिपमाला यायच्या आत. जाताना दार ओढून घ्या.